बरणीतला केक आणि काचेची दोन घराणी



आज बोलायचं आहे बरणीतल्या केकबद्दल. मुठीत मावेल एवढी काचेची बरणी, आत केकचे थर, मधे क्रीम, वर फिरकीचं झाकण आणि गळ्याला रिबीन. तालुक्याच्या बेकरीत तो दिसतो, मोबाइलवर तर रोज दिसतो. गटांच्या बैठकीत हल्ली प्रश्न निघतो, "ताई, पापड-शेवया सगळेच करतात. आपण हे करायचं का?" प्रश्न चांगला आहे. त्याच्या पाठोपाठ आणखी दोन प्रश्न येतात. केक त्या बरणीतच भाजला तर चालतो का? आणि भट्टीतून काढल्या काढल्या गरम बरणीला झाकण लावलं, तर आतला केक महिना-महिना टिकतो म्हणतात, ते खरं का?

ह्या दोन प्रश्नांची उत्तरं एखाद्या पाककृतीत शोधण्यापेक्षा इतिहासात शोधलेली बरी. कारण काचेच्या भांड्यांची दोन घराणी आहेत. एक साठवणीचं, दुसरं भट्टीचं. दिसायला सख्ख्या बहिणी, पण एकीला जे सोसतं ते दुसरीला सोसत नाही. कुठली कुठल्या घरची हे ओळखता आलं की धंद्याचे निम्मे धोके टळतात.

साठवणीचं घराणं

हे घराणं सुरू झालं एका हलवायापासून. फ्रान्समधला निकोला आपेर. जन्म १७४९ चा, पॅरिसमध्ये मिठाईचं दुकान. साखरेत फळ टिकतं हे त्याला ठाऊक होतं, जसं आपल्याला मोरावळा आणि मुरांबा ठाऊक आहे. पण त्याच्या डोक्यात वेगळाच प्रश्न होता. साखर न घालता, मीठ न घालता, उन्हात न वाळवता, वाटाणे, दूध, मांसाचा रस्सा आहे तसाच टिकवता येईल का?

बरीच वर्षं त्याने प्रयोग केले. रुंद तोंडाच्या जाड काचेच्या बाटल्या घ्यायच्या, त्यात अन्न भरायचं, बुचाने तोंड घट्ट बंद करायचं, बूच उडू नये म्हणून वर तार बांधायची, बाटली कापडी पिशवीत घालायची आणि मोठ्या भांड्यातल्या पाण्यात ठेवून उकळायची. पिशवी अशासाठी की उकळताना बाटल्या एकमेकींवर आपटू नयेत, आणि एखादी फुटलीच तर काचा सगळ्या पाण्यात पसरू नयेत. कुठल्याही बाईला सुचेल अशीच ही युक्ती.

तो काळ नेपोलियनच्या लढायांचा. दूरवर गेलेल्या फौजेला आणि आरमाराला टिकाऊ अन्न हवं होतं. १८१० मध्ये फ्रान्सच्या सरकारने आपेरला १२,००० फ्रँक दिले. अट अशी की त्याने आपली रीत पुस्तक छापून सगळ्यांना खुली करायची. त्याने त्याच वर्षी पुस्तक छापलं. अन्न का टिकतं, हे मात्र त्याला नीट सांगता येत नव्हतं. हवा कोंडून काढली की टिकतं, असा त्याचा समज होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे आपल्याला ती लागणार आहे.

बूच आणि तार हे काम कारखान्याला ठीक होतं, घरातल्या बाईला जिकिरीचं. तिची सोय केली न्यूयॉर्कच्या एका पत्र्याचं काम करणाऱ्या तरुणाने. त्याचं नाव जॉन लँडिस मेसन. ३० नोव्हेंबर १८५८ ला त्याला पेटंट मिळालं. कल्पना साधी होती. बरणीच्या गळ्याला काचेतच आटे पाडायचे आणि त्यावर जस्ताचं फिरकीचं झाकण बसवायचं. झाकणाखाली रबराचं कडं आलं की बरणी हवाबंद. आज आपण लोणच्याची, मधाची, जॅमची जी फिरकीची बरणी वापरतो, ती ह्याच वंशातली. जस्ताचा अन्नाला स्पर्श होऊ नये म्हणून १८६९ मध्ये लुईस बॉइड यांनी झाकणाला आतून काचेचं अस्तर बसवलं. मेसनचं पेटंट संपलं आणि इतर कारखानदार पुढे आले. त्यातले बॉल नावाचे पाच भाऊ अमेरिकेच्या इंडियाना राज्यातल्या मन्सी गावी कारखाना काढून मोठे झाले. मेसन मात्र १९०२ मध्ये गरिबीतच वारला. बरण्यांवर नाव त्याचं, पैसा दुसऱ्यांचा.

आता ह्या घराण्याचा स्वभाव बघा. वाळू, सोडा आणि चुनखडी वितळवून केलेली ही साधी काच. तिला काम दिलं होतं ते उकळत्या पाण्यात बसायचं. पाणी सगळ्या बाजूंनी सारखं आणि हळूहळू तापतं, आणि उघड्या भांड्यात कितीही जाळ घातला तरी १०० अंशांच्या आसपासच राहतं. केकच्या भट्टीत कोरडी धग असते, १७०-१८० अंशांची. ती सोसायला ही बरणी घडवलेलीच नव्हती.

न दिसणारा वैरी

आपेरला जे सांगता आलं नाही ते पुढे लुई पाश्चर यांनी १८६० च्या दशकात दाखवून दिलं. अन्न नासतं ते डोळ्यांना न दिसणाऱ्या जंतूंमुळे. उकळल्याने जंतू मरतात आणि झाकणामुळे नवे आत येत नाहीत. म्हणजे अन्न टिकवलं होतं मुख्यतः उकळण्याने. नुसती हवा कोंडून काढणं पुरेसं नव्हतं.

उलट, हवा नसलेल्या जागेतच ज्याचं फावतं असा एक जंतू निघाला. १८९५ मध्ये बेल्जियममधल्या एलझेल नावाच्या गावी एक अंत्ययात्रा होती. वाजंत्री मंडळी नंतर जेवायला बसली. जेवणात खारवलेलं डुकराचं मांस होतं. त्यातले बरेच जण आजारी पडले आणि तिघे दगावले. एमिल व्हॅन एर्मेंगेम ह्या शास्त्रज्ञाने ते मांस तपासलं आणि त्यातून जंतू वेगळा काढला. ह्या विषबाधेला बॉट्युलिझम म्हणतात. डोळ्यांना दोन-दोन दिसायला लागतं, पापण्या गळतात, घास गिळवत नाही, बोलणं जड होतं आणि शेवटी श्वास अडतो. विषाला वास असेलच असं नाही, चव बदलेलच असंही नाही. अशी लक्षणं दिसली तर तासभरही घरात थांबायचं नसतं, सरळ दवाखाना गाठायचा.

ह्या जंतूचे बीजाणू मातीत असतात. शेतातला लव्हाळा आठवा. वरून कितीही खुरपा, खाली मातीत गाठ राहते आणि ओल मिळाली की पुन्हा फुटते. बीजाणूचं तसंच. तासभर उकळलं तरी तो मरेल ह्याची खात्री नाही. मग ओल, ऊब, हवाबंद जागा आणि आंबटपणा नसलेलं अन्न, हे सगळं एकत्र मिळालं की तो फुटतो, वाढतो आणि विष सोडतो. त्याला मारायला सुमारे १२१ अंशांची उष्णता लागते, आणि अन्नातल्या पाण्याला तेवढं तापवायचं तर दाबाचं भांडं लागतं.

हे ज्ञान स्वयंपाकघरापर्यंत पोचवण्यात बायकांच्या गटांचा मोठा वाटा आहे, आणि आपल्याला तो माहीत असायला हवा. १९१० मध्ये अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना राज्यात एकेन इथे मेरी क्रोमर नावाच्या शिक्षिकेने खेड्यातल्या मुलींचा टोमॅटो क्लब काढला. प्रत्येक मुलीने एक दशांश एकरात, म्हणजे आपल्या चार गुंठ्यांत, टोमॅटो लावायचा, त्याची राखण करायची, हिशेब ठेवायचा आणि आलेलं पीक डब्यांत-बरण्यांत भरून विकायचं. पैसा त्या मुलीचा. हे क्लब आसपासच्या राज्यांत पसरले. त्यांनी टोमॅटो निवडला ह्यात शहाणपण होतं, कारण टोमॅटो आंबट आणि आंबट पदार्थाला उकळत्या पाण्याची रीत पुरते. शेंगा, मका, मांस ह्यांचं तसं नाही. म्हणून १९१७ मध्ये अमेरिकेच्या शेती खात्याने सांगितलं की आंबट नसलेलं अन्न बरणीत भरायचं तर दाबाच्या भांड्यातच शिजवा. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच रेघ आखली गेली होती. आंबट पदार्थ एका बाजूला, बिनआंबट दुसऱ्या बाजूला.

भट्टीचं घराणं

आता दुसऱ्या घराण्याकडे वळू. ह्याची सुरुवात कंदिलातून झाली.

ज्यांनी कंदील वापरलाय त्यांना आठवेल. पावसाळ्यात पेटत्या कंदिलाच्या तापल्या काचेवर पागोळीचा एक थेंब पडला की काच टच्‌कन तडकायची. असं का होतं? तापलेली काच फुगते. थेंब पडला तेवढीच जागा एकदम गार होऊन आकसते, बाजूची काच मात्र फुगलेलीच असते. ओढाताण होते आणि काच तडा घेते. आपल्या घरी ते काचेच्या पैशांचं नुकसान. पण रेल्वेत कंदिलाच्या लाल-हिरव्या उजेडावर गाडी थांबायची की पुढे जायची हे ठरत असे. पावसात-बर्फात सिग्नलची काच फुटली तर गाडीवर गाडी आदळायची भीती.

अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात कॉर्निंग नावाचं गाव आहे. तिथल्या काच कारखान्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रेल्वेच्या कंदिलांसाठी नवी काच काढली. तिच्यात बोरॉन घातलेला असे. सोनाराकडचा टाकणखार तुम्हाला माहीत आहे, बोरॉन त्यातच असतो. बोरॉन घातलेल्या काचेला बोरोसिलिकेट म्हणतात. आज मिळणारी चांगली बोरोसिलिकेट काच तापल्यावर साध्या काचेच्या सुमारे एक तृतीयांशच फुगते. फुगणं कमी म्हणून ओढाताण कमी, ओढाताण कमी म्हणून तडकणं कमी. कंदिलाच्या काचा टिकायला लागल्या, इतक्या की पुन्हा पुन्हा लागणाऱ्या नव्या काचांची मागणीच घटली! मग कारखान्याला प्रश्न पडला, ह्या काचेचं आणखी काय करायचं? बॅटरीच्या उभ्या बरण्या ते त्याच काचेच्या करत होते.

कारखान्यात जेसी लिटलटन नावाचे पदार्थविज्ञानाचे जाणकार होते. काचेत अन्न चांगलं भाजलं जाईल असं ते म्हणत. सहकाऱ्यांना ते पटेना. काचेत कुठे स्वयंपाक होतो? १९१३ सालची गोष्ट. लिटलटन यांच्या पत्नी बेसी यांचं भट्टीत ठेवायचं मातीचं भांडं फुटलं होतं. त्यांनी नवऱ्याला सांगितलं, कारखान्यातून काही काच मिळते का बघा. त्यांनी बॅटरीच्या बरण्यांचे वरचे भाग कापून खालची बुडं घरी आणली. बेसीबाईंनी त्या कापलेल्या काचेच्या बरणीत स्पंज केक भाजला.

मैत्रिणींनो, भाजण्याच्या काचेचा बाजार ह्या केकपासून उभा राहिला. बरणीतला केक ही मोबाइलच्या जमान्यातली नवलाई वाटते, पण कापलेल्या बरणीतला हा केक शंभर वर्षांहून जुना आहे.

आणि बेसीबाईंनी नुसता केक भाजला नाही, निरीक्षणंही नोंदवली. केक सगळीकडून सारखा भाजला. वेळ कमी लागला. भांड्याला चिकटला नाही. आणि बाजूने तळ किती तांबूस झालाय हे काचेतून दिसत होतं, मधे मधे झाकण उघडून सुरी खुपसून बघायची गरज नव्हती. तो केक कारखान्यातल्या शंका घेणाऱ्या साहेबांनी खाल्ला. पुढे बेसीबाईंनी त्या काचेत इतर पदार्थही करून पाहिले. मुळातल्या काचेत शिसं होतं, ते अन्नाच्या भांड्यात नको, म्हणून बिनशिशाची नवी काच तयार झाली आणि १९१५ मध्ये ती पायरेक्स नावाने बाजारात आली. १९१९ मध्ये पेटंट मिळालं ते युजीन सलिव्हन आणि विल्यम टेलर ह्या रसायनतज्ज्ञांच्या नावाने. काच त्यांची होती, त्यात वाद नाही. पण ती स्वयंपाकघरात चालते हे पहिल्यांदा ज्या बाईने दाखवलं, तिचं नाव पेटंटावर नाही.

पुढे १९२९ मध्ये ह्याच कारखान्याने ल्युसी माल्टबी ह्या गृहविज्ञानाच्या प्राध्यापिकेला नोकरीवर घेतलं. तिने तिथे चाचणीचं स्वयंपाकघर उभं केलं. भांडं धरायला कान पुरेसे नाहीत, केकच्या भांड्याचं माप भट्टीत नीट बसत नाही, असे दोष वापरणाऱ्या बाईच्या नजरेने दाखवून तिने भांड्यांचे आकार बदलायला लावले.

आपल्याकडची काच

महाराष्ट्राच्या काचेचा इतिहासही बचत गटाला जवळचा वाटेल असा आहे. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंडाची कल्पना मांडली. प्रत्येकाने एक पैसा द्यायचा आणि त्या जमलेल्या पैशातून स्वदेशी उद्योग उभा करायचा. लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिलं. त्या फंडातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे इथे काच कारखाना निघाला. परदेशात काचेचं शिक्षण घेऊन आलेले ईश्वरदास वार्ष्णेय त्याच्या उभारणीत होते. पैशापैशाने भांडवल उभं राहतं, ही गोष्ट आपल्या गटांच्या कितीतरी आधी महाराष्ट्राने काचेवर करून दाखवलेली आहे. १९१६ मध्ये कराडजवळ ओगलेवाडीला ओगले ग्लास वर्क्स सुरू झालं. त्यांचा प्रभाकर कंदील पुढे घराघरांत पोचला.

भट्टी सोसणारी काच आपल्याकडे रुळली ती शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेतून. परीक्षानळी दिव्यावर धरली तरी फुटत नाही हे आपण विज्ञानाच्या तासाला पाहिलंय. मुंबईत १९६२ मध्ये सुरू झालेल्या बोरोसिल कंपनीला सुरुवातीला सहकार्य होतं ते ह्याच कॉर्निंगच्या कारखान्याचं. म्हणजे बेसीबाईंच्या स्पंज केकची काच आणि आपल्या शाळेतली परीक्षानळी एकाच वंशातल्या.

दोन घराण्यांची गल्लत

आता त्या दोन प्रश्नांकडे येऊ.

अमेरिकेत गेल्या शतकाच्या अखेरीला एक रीत पसरली. मेसनच्या जातीच्या बरणीत केकचं नाहीतर केळ्याच्या गोड ब्रेडचं पीठ ओतायचं, बरणी भट्टीत ठेवायची, भाजून झाल्यावर गरम बरणीला लगेच झाकण लावायचं. गार होताना आतली वाफ आकसते, झाकण आत ओढलं जातं आणि टक्‌ असा आवाज येतो. बायका म्हणायच्या, बघा, हवाबंद झालं, आता हे कपाटात ठेवा आणि सणाला भेट द्या.

इथे दोन चुका एकदम होतात. पहिली काचेची. साठवणीच्या घराण्यातली बरणी भट्टीच्या कोरड्या धगीत तडकू शकते. कधी भट्टीत तडकते, कधी बाहेर काढून गार ओट्यावर टेकवताना. कधी बारीक कपची उडते आणि केकमध्ये जाते. ती दिसतही नाही.

दुसरी चूक त्याहून मोठी. भट्टी १८० अंशांवर असली तरी केकचा गाभा १०० अंशांच्या वर जात नाही. त्यात पाणी असतं आणि ओल आहे तोवर उष्णता तिथेच अडते. म्हणजे जंतू मरतात, पण बीजाणू जिवंत राहू शकतो. केक आंबट नसतो. केळं, भोपळा, गाजर घातलेला केक तर चांगलाच ओला असतो. वर आपण झाकण लावून हवा बंद केली. आणि बरणी ठेवली कुठे, तर फळीवर, घरातल्या उबेत. त्या जंतूला जे जे लागतं ते सगळं आपणच मांडून दिलं. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या कॅन्सस स्टेट विद्यापीठात ह्याची तपासणी झाली. विषारी जंतूऐवजी त्याचा विष न करणारा भाऊबंद घेऊन असा बरणीतला गोड ब्रेड तपासला, तर तो त्यात वाढू शकतो असं दिसलं. तिथल्या राष्ट्रीय गृह-अन्नसंरक्षण केंद्राचा सल्ला स्पष्ट आहे, की केक आणि ब्रेड बरणीत भाजून, झाकण लावून साठवू नयेत.

झाकणाचा तो टक्‌ आवाज फक्त एवढंच सांगतो की हवा बंद झाली. आत काय जिवंत राहिलंय हे तो सांगत नाही. आपेरच्या काळी समज होता की हवा कोंडली की अन्न टिकतं. दोनशे वर्षांनंतर तोच समज रिबीन बांधून परत आला.

कुणी विचारेल, मग आपलं लोणचं बरणीत वर्षभर कसं टिकतं? कारण ते काम बरणी करत नाही. ते मीठ करतं, कैरीची नाहीतर लिंबाची आंबटाई करते. मुरांब्यात पाक करतो. पापड-कुरडईत ओलच शिल्लक नसते. आपल्या आज्यांनी हे सगळं सांभाळून साठवण केली, बरणी फक्त राखणीला ठेवली. केकमध्ये ह्यातलं काहीच नाही. तो ओला, बिनआंबट आणि मऊ. त्याला बरणीत बंद केलं म्हणून तो लोणचं होत नाही.

गटाने काय करावं

एवढं सगळं ऐकून धंदा सोडा असं मी सांगत नाही. बरणीतला केक जरूर करा, फक्त घराणी वेगळी ठेवा.

केक भाजा तो पत्र्याच्या साच्यात. पूर्ण गार होऊ द्या. मग कापून बरणीत थर लावा. इथे बरणी म्हणजे नुसतं वाढायचं आणि न्यायचं भांडं. केक गार होण्याआधी झाकण लावलं तर आत घाम सुटतो आणि बुरशी लवकर धरते, म्हणून घाई करायची नाही.

काचेतच भाजायचं असेल तर भट्टीत चालणारी, तसा छाप असलेलीच काच घ्या. नुसत्या नावावर जाऊ नका. अमेरिकेत आज पायरेक्स नावाने विकली जाणारी स्वयंपाकाची भांडीसुद्धा बोरॉनच्या काचेची नसून टणक केलेल्या साध्या काचेची असतात. भांड्यावर आणि खोक्यावर काय लिहिलंय ते वाचा. भट्टीची काचसुद्धा गरम असताना ओल्या ओट्यावर टेकवू नये, लाकडी पाटावर नाहीतर कोरड्या जाड फडक्यावर ठेवावी. फ्रिजमधून काढून सरळ भट्टीत घालू नये. कंदिलाच्या काचेचा नियम इथेही लागू आहे.

बरण्या खाण्यासाठी केलेल्याच घ्या. औषधाच्या, रंगाच्या, कुठून जमा केलेल्या नकोत. गरम पाण्याने धुऊन पूर्ण कोरड्या करा आणि प्रत्येकीच्या कडेवरून नजर फिरवा. टवका गेलेली बरणी बाजूला काढा, चार पैशांसाठी भरू नका.

क्रीमचा केक फ्रिजशिवाय ठेवायचा नाही. ज्या गावात दिवसाचे सहा तास वीज जाते तिथे हा विचार आधी करावा लागतो. ऑर्डर घ्यायची, तेवढेच करायचे, त्याच दिवशी पोचवायचे. बाजारात टोपली मांडून उन्हात विकायचा हा माल नाही. झाकणावर केल्याची तारीख लिहा, "फ्रिजमध्ये ठेवा" असं लिहा. "महिनाभर टिकतो" असं गिऱ्हाईकाने म्हटलं तरी आपण म्हणायचं नाही.

विक्री करायची तर अन्न परवान्याच्या कायद्याखाली एफएसएसएआयची नोंदणी हवी. तो चौदा आकडी क्रमांक लेबलावर असावा. केकमध्ये अंडं असेल तर मांसाहाराचं चिन्ह छापावं लागतं, आणि आपल्याकडे उपास-तापास, सोवळं-ओवळं पाळणारी गिऱ्हाइकं असतात, त्यांच्याशी तो प्रामाणिकपणाही आहे.

एक वही मात्र नक्की ठेवा. किती पीठ, किती वेळ, कुठलं भांडं, कुठल्या बरणीत तडा गेला, कुठला केक दुसऱ्या दिवशी कसा लागला. बेसीबाईंनी एका केकवरून जे ओळखलं ते त्यांनी लक्ष देऊन पाहिलं म्हणून. टोमॅटो क्लबच्या मुलींना हिशेबाची वही सक्तीची होती. आपल्याकडे बचतीची वही चोख असते, तशीच स्वयंपाकाचीही असावी. आज तुमच्या गटातल्या एखादीच्या हाताला जे कळतं ते उद्या दुसऱ्या गावच्या गटाला वाचता आलं पाहिजे, आणि त्या वहीवर ते जिला कळलं तिचं नाव असलं पाहिजे.